वारसा : राज्याचा आणि काव्याचा

१

वेई राज्याचा पहिला सम्राट त्साओ पी (इ.स. १८७–२२६) याच्या नावावर ‘द्यान लुन’ हा ग्रंथ आहे. ग्रंथाचा बहुतेक भाग कालौघात नष्ट झाला. परंतु त्यातील ‘लुन वेन’, म्हणजे ‘साहित्याविषयी’, हे प्रकरण मात्र टिकले. केवळ साहित्याच्या विचाराला वाहिलेले आणि आज उपलब्ध असलेले पहिले चिनी विवेचन म्हणून या प्रकरणाकडे पाहिले जाते. लेखक एकमेकांना कमी का लेखतात, आठ लेखनप्रकारांच्या चार जोड्यांची मागणी एकमेकींहून वेगळी कशी असते, एकाच लेखकाला सर्व प्रकार का साधत नाहीत, अशा प्रश्नांची चर्चा त्यात थोडक्यात आली आहे. या चर्चेच्या मध्यभागी एक विधान आहे. लेखनात प्रधान असतो तो लेखकाचा प्राण, त्याच्या श्वासाची जात. ती निर्मळ असो वा गढूळ, बळाने कमावता येत नाही. त्यासाठी दृष्टांत संगीताचा घेतला आहे. चाल एकच असेल, ताल एकच असेल, तरी दोन वादकांचा श्वास सारखा पडत नाही. पित्याजवळ किंवा थोरल्या भावाजवळ तो असला, तरी मुलाला किंवा धाकट्या भावाला तो देता येत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा काव्यहेतूचा प्रश्न आहे आणि त्साओ पीने आपला कौल प्रतिभेच्या बाजूने दिला आहे. तथापि हे विधान शास्त्राच्या चौकटीत ठेवून मोकळे होणे शक्य नाही. कारण ते करणारा माणूस कोण होता, हे विसरता येत नाही. त्याचा पिता कवी होता. त्याचा धाकटा भाऊ कवी होता आणि पुढील अनेक शतकांच्या मते त्याच्याहून श्रेष्ठ कवी होता. तो स्वतः पित्याकडून एक राज्य वारसाहक्काने घेणार होता आणि त्या वारशासाठी त्याच भावाशी त्याची दीर्घकाळ स्पर्धा चालली होती. ‘पिता’, ‘पुत्र’, ‘थोरला’, ‘धाकटा’ हे शब्द कुठल्याही मीमांसकाने उदाहरणादाखल सहज वापरले असते. त्साओ पीच्या लेखणीतून ते उतरतात तेव्हा त्यांच्यामागे एक घर उभे असते. राज्य आणि काव्य ही दोन्ही ज्या घरात एकाच वेळी नांदत होती, त्या घरात एका गोष्टीचा वारसा मागता येत होता आणि दुसरीचा येत नव्हता. या भेदाचा अर्थ त्या घरातील माणसांनी आपापल्या आयुष्यात कसा भोगला, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

२

घराचा संस्थापक त्साओ त्साओ (१५५–२२०) हा कुलीन म्हणवणाऱ्यांच्या वर्तुळातला नव्हता. त्याचा पिता एका खोजा राजसेवकाचा दत्तक पुत्र होता आणि शत्रूंनी या गोष्टीचा आयुष्यभर त्याच्याविरुद्ध उपयोग केला. १८४ मध्ये पिवळ्या मुंडाशांचे बंड उसळले आणि चार शतकांचे हान साम्राज्य खिळखिळे झाले. १९० मध्ये राजधानीतील जुलमी सेनापतीविरुद्ध सरदारांची एक आघाडी झाली आणि आपापसांतील भांडणांमुळे मोडलीही. १९६ मध्ये त्साओ त्साओने हान सम्राटाला शू या आपल्या ठाण्यात आश्रय दिला, आणि त्या क्षणापासून सम्राटाचे नाव व त्साओ त्साओची सत्ता अशी जोडी जमली. त्या वर्षी सुरू झालेल्या ‘जिआन-आन’ या कालगणनेच्या नावानेच पुढे त्या काळातील साहित्य ओळखले जाऊ लागले. २०० मध्ये ग्वानदू येथे युआन शाओचा पराभव करून तो उत्तर चीनचा स्वामी झाला. २०८ मध्ये लाल कड्यांपाशी झालेल्या पराभवाने दक्षिण त्याच्या हातून कायमची गेली.

या धामधुमीत त्याने कविता लिहिल्या. वीसहून थोड्या अधिक उरल्या आहेत आणि त्या सर्व ‘युएफू’ प्रकारातील, म्हणजे जुन्या गीतांची नावे व चाली घेऊन रचलेल्या आहेत. त्यातील ‘हाओली शिंग’ ही रचना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हे नाव मुळात प्रेतयात्रेत गायच्या गीताचे. त्साओ त्साओने त्या शोकगीताच्या साच्यात १९० च्या आघाडीची कहाणी घातली : न्यायासाठी एकत्र आलेले सरदार, त्यांचा कचरटपणा, मग स्वार्थ, मग परस्परांवर धरलेली शस्त्रे, आणि शेवटी रानोमाळ उघडी पडलेली पांढरी हाडे. एका माणसाच्या तिरडीमागे म्हणायचे गीत एका संपूर्ण पिढीच्या मरणासाठी वापरले गेले. सैन्याबरोबर चालणाऱ्या माणसाने पाहिलेले हे दृश्य आहे, आणि त्यातील शोक खोटा वाटत नाही.

परंतु इतिहास येथे वाचकाला स्वस्थ बसू देत नाही. १९३ व १९४ या वर्षांत त्साओ त्साओने शू-झोऊ प्रांतावर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांत निरपराध रयतेची एवढी कत्तल झाली की प्रेतांनी नदीचा प्रवाह अडला, असे जुन्या इतिहासग्रंथांत नमूद आहे. स्वाऱ्यांच्या मागे पित्याच्या हत्येचा सूड होता, असे सांगितले जाते. सूडाने कृत्याचे कारण कळते, त्याचे समर्थन होत नाही. हाडांसाठी शोक करणारा कवी आणि हाडांचे ढीग रचणारा सेनापती हे एकच होते. कवी म्हणून त्याला माफ करावे आणि सेनापती म्हणून दोषी धरावे, अशी सोयीची वाटणी करून समीक्षा मोकळी होऊ शकते. पण त्या कवितेचे सामर्थ्य या वाटणीला दाद देत नाही. तिचे वजन अशा माणसाच्या साक्षीचे आहे, ज्याला ही किंमत बाहेरून ठाऊक नव्हती.

२०७ मध्ये ईशान्येकडील वूहुआन टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत तो ज्येशी येथे समुद्राकाठी पोहोचला. त्या प्रसंगीची त्याची समुद्रदर्शनाची कविता चिनी काव्यातील पहिल्या पूर्णतः निसर्गवर्णनपर कवितांपैकी एक मानली जाते. त्याच मालिकेत वार्धक्याविषयीची एक रचना आहे. तीत तबेल्यात उभा असलेला म्हातारा घोडा येतो आणि त्याच्या मनातील अंतरे अजून संपलेली नसतात. त्साओ त्साओ तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. जिंकायचे बरेच उरले होते आणि आयुष्य थोडे उरले होते. अशा माणसाला वारसाचा विचार टाळता येत नाही.

३

त्साओ पी आणि त्साओ झी (१९२–२३२) यांची माता ब्यान ही गाणे-बजावणे करणाऱ्या घरातून आलेली होती. पुढे ती राणी आणि नंतर राजमाता झाली, तरी तिच्या मूळ घराची नोंद इतिहासकारांनी पुसून टाकली नाही. त्साओ घराण्याच्या कवितेत युएफूच्या चालींना एवढे स्थान का, याचा विचार करताना पित्याच्या संगीतप्रेमाइतकीच ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. दरबारी विद्वानांच्या दृष्टीने हलक्या समजल्या जाणाऱ्या गीतप्रकाराला या घरात कमीपणा नव्हता. पिता छावणीतही ग्रंथ हातावेगळा करीत नसे, अशी आठवण त्साओ पीने लिहून ठेवली आहे. त्याच आत्मपर लेखनात, एका सेनापतीशी मद्यपानाच्या बैठकीत वाद झाला असता उसाच्या कांड्या घेऊन आपण त्याच्याशी तलवारबाजी कशी केली आणि त्याच्या हातावर नेमके घाव कसे घातले, याचे मोठे खुशीचे वर्णन आहे. याच मुलाने १९७ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास, वान येथील अचानक हल्ल्यातून घोड्यावर बसून जीव वाचवला होता. त्या हल्ल्यात त्याचा थोरला सावत्र भाऊ त्साओ आंग मारला गेला. त्साओ आंग जगला असता तर वारशाचा प्रश्न कदाचित उद्‌भवलाच नसता.

२०४ मध्ये ‘ये’ हे नगर जिंकल्यावर त्साओ त्साओने तेथे आपले बस्तान बसवले आणि २१० मध्ये ‘कांस्यपक्षी’ नावाचा उत्तुंग मंच उभारला. पुत्रांना घेऊन तो मंचावर चढला आणि प्रत्येकाला त्यावर ‘फू’ प्रकारातील रचना करायला सांगितले. त्साओ झीने लेखणी उचलली आणि रचना तत्काळ पुरी केली. ती उत्तमही होती. त्याआधी एकदा मुलाचे लेखन पाहून पित्याने ‘कोणाकडून लिहून घेतलेस?’ असा प्रश्न केला होता. त्यावर ‘समोर बसवून परीक्षा घ्या’ असे उत्तर त्याला मिळाले होते. पित्याचे मन या मुलाकडे झुकू लागले.

या नगरात ज्यांचा मेळा जमला ते ‘जिआन-आनचे सात’ म्हणून प्रसिद्ध आहेत. ही नाममालिका त्साओ पीच्या ‘लुन वेन’मध्येच प्रथम येते. सातांची कथा म्हणजे सत्ता आणि लेखणी यांच्या संबंधांची एक छोटी वहीच आहे. छन लिनने युआन शाओच्या पदरी असताना त्साओ त्साओच्या बापाआजोबांचा उद्धार करणारे एक जाहीरपत्र लिहिले होते. पाडाव झाल्यावर त्साओ त्साओने त्याला एवढेच विचारले की, मला शिव्या दिल्यास ते ठीक, वाडवडिलांपर्यंत जायची काय गरज होती? आणि त्याला आपल्या सेवेत घेतले. कोंग रोंगच्या वाट्याला हे औदार्य आले नाही. कन्फ्यूशियसचा वंशज असलेला हा तिखट जिभेचा विद्वान २०८ मध्ये कुटुंबासह मारला गेला. पुढे सम्राट झालेल्या त्साओ पीने त्याच कोंग रोंगचे लेखन आणून देणाऱ्यास सोने व रेशीम देण्याचे जाहीर केले आणि सातांच्या यादीत त्याला जागा दिली. पित्याने माणूस नाहीसा केला आणि पुत्राने त्याचे शब्द वेचले. या वेचण्यात प्रायश्चित्त किती आणि निव्वळ रसिकता किती, हे ठरवणे अवघड आहे.

२१७ मध्ये मोठी साथ आली. सातांपैकी शू गान, छन लिन, यिंग यांग आणि ल्यू झेन हे चौघे तीत गेले. वांग त्सान त्याच वर्षी मोहिमेवर असताना वारला. वांग त्सानला गाढवाच्या ओरडण्याचा नाद होता, म्हणून त्याच्या अंत्यविधीला जमलेल्यांना त्साओ पीने सांगितले की, प्रत्येकाने एकदा गाढवासारखे ओरडून त्याला निरोप द्यावा, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा रचलेली, त्साओ पीने वू झी या मित्राला लिहिलेले पत्र निश्चितच खरे आहे. एका गाडीतून हिंडलेल्या, एका चटईवर बसलेल्या मित्रांची नावे आता मृतांच्या यादीत पाहावी लागतात, ही वेदना त्यात आहे. आणि त्यांचे लेखन गोळा करून एका संग्रहात बांधल्याची हकिगतही आहे. साहित्याच्या अमरत्वाविषयी त्साओ पी जे बोलतो त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे. ‘लुन वेन’मध्ये त्याने लेखनाला राज्यकारभाराइतके थोर कार्य आणि न संपणारे वैभव म्हटले आहे. आयुष्य ठरल्या वेळी संपते, मान आणि सुख देहाबरोबर जातात, लेखन तेवढे राहते, असा त्याचा युक्तिवाद आहे. मित्रांच्या चिता नुकत्याच विझलेल्या असाव्यात आणि त्यांच्या कागदांची बाडे पुढ्यात असावीत, अशा माणसाचे हे बोलणे वाटते.

४

त्याच सुमारास त्साओ झीने यांग श्यू या मित्राला एक पत्र लिहिले. पंचविशीतल्या या तरुणाचे नाव दरबारात सर्वांच्या तोंडी होते. पत्रात तो म्हणतो की, पद्यरचना ही किरकोळ कला आहे. राज्यासाठी पराक्रम करावा, प्रजेचे कल्याण करावे, धातूवर आणि दगडावर कोरले जाईल असे कार्य मागे ठेवावे, हीच आपली इच्छा. शाईच्या रेघोट्यांवर कीर्ती मिळवणे हा पुरुषार्थ नव्हे.

दोन भावांच्या या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की काव्यप्रयोजनाचा प्रश्न एका घरातच दुभंगलेला दिसतो. ज्याला राज्य मिळाले तो लेखनाला अमर म्हणतो. ज्याला लेखन जन्मजात मिळाले तो त्याला क्षुल्लक म्हणतो. १९२७ मध्ये लू शुन यांनी ग्वांगझोऊ येथे दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात या विसंगतीची दखल घेतली होती. त्साओ पीचा काळ म्हणजे साहित्याला स्वत्वाची जाणीव झाल्याचा काळ, असे त्यांनी म्हटले. आणि त्साओ झीचे बोलणे मनापासूनचे नसावे, असे सुचवले. माणूस स्वतःच्या हातच्या गोष्टीबद्दल असमाधानी असतो आणि दुसऱ्याच्या वाटेचा हेवा करतो, हे एक कारण. त्याचे लक्ष्य राजकारण होते आणि तेथे तो अपयशी ठरला, हे दुसरे. त्या व्याख्यानाच्या काही महिने आधीच, एप्रिलमध्ये, त्या शहरात राजकीय हत्याकांड झाले होते. सतराशे वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या कोंग रोंगविषयी बोलताना वक्त्याच्या आणि श्रोत्यांच्या मनात आणखी कोण होते, याचा तर्क करणे कठीण नाही.

लू शुन यांचे निदान मार्मिक असले, तरी त्यात थोडी भर घालावीशी वाटते. त्साओ झीच्या पत्रातील आकांक्षा पित्याच्या प्रतिमेवर बेतलेली आहे. पिता घोड्यावरून कविता करीत होता. त्याच्या बाबतीत भाला आणि लेखणी यांत निवड करण्याची वेळच आली नाही. मुलाला वाटले की हे दोन्ही एकाच वारशाचे भाग आहेत आणि एक आपल्याकडे आला आहे तर दुसराही येईल. त्याच्या ‘पांढरा घोडा’ या कवितेतील सीमेवरचा तरुण वीर घरदार विसरून शत्रूवर तुटून पडतो. तो वीर म्हणजे कवीने स्वतःसाठी लिहिलेली भूमिका होती. ती वठवण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही.

संधी मिळाली नाही यात त्याचा स्वतःचा हातही होता. २१७ च्या सुमारास त्याने ‘ये’ नगरीतील केवळ राजाज्ञेनेच उघडणाऱ्या सिमा दरवाजातून रथ हाकला आणि पित्याचा विश्वास गमावला. त्याच वर्षी त्साओ पी युवराज ठरला. २१९ मध्ये वेढ्यात सापडलेल्या सैन्याच्या मदतीला त्याला सेनापती करून पाठवायचे ठरले, तर तो मद्याने इतका बेहोश होता की आज्ञा घ्यायला येऊ शकला नाही. यांग श्यूला त्साओ त्साओने त्याच वर्षी मृत्युदंड दिला. दोन मुलांमधील स्पर्धेला सल्लागारांचे गट खतपाणी घालीत आहेत आणि त्यातून घर फुटेल, हे त्या वृद्ध सेनापतीने ओळखले होते. युआन शाओचे घराणे मुलांच्या भांडणाने कसे धुळीस मिळाले, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. किंबहुना त्याचा लाभ त्यानेच उठवला होता.

५

२२० च्या आरंभी त्साओ त्साओ मरण पावला. वर्षअखेरीस त्साओ पीने हान सम्राटाला सिंहासन सोडायला लावून वेई साम्राज्याची स्थापना केली. सत्ता हाती येताच त्साओ झीचे पाठीराखे दिंग बंधू घरातील पुरुषांसह मारले गेले. ‘रानातील पिवळा पक्षी’ ही त्साओ झीची कविता बहुधा याच प्रसंगाशी जोडून वाचली जाते. जाळ्यात सापडलेला एक पक्षी आणि तलवारीने जाळे तोडून त्याला सोडवणारा तरुण, एवढाच तिचा विषय. कवितेत जाळे तुटते. कवितेबाहेर ते तुटले नाही आणि कवीच्या हाती तलवार नव्हती.

नव्या राजवटीने सम्राटाच्या भावांना दूरच्या जहागिरींवर धाडले आणि प्रत्येकावर पाळत ठेवणारे अधिकारी नेमले. त्यांना परस्परांना भेटण्याची मोकळीक नव्हती. त्यांच्या दिमतीला दिलेले सैनिक म्हातारे आणि पंगू, जास्तीत जास्त दोनशे. त्साओ झीला पूर्वीच्या अपराधांमुळे प्रत्येक गोष्ट त्याच्याही निम्मी मिळत असे. २२१ मध्ये अशाच एका अधिकाऱ्याने त्याच्यावर मद्यपानाचा व उद्दामपणाचा आरोप ठेवला. राजमातेमुळे तो जिवानिशी वाचला आणि पदावनतीवर भागले. २२३ मध्ये भाऊ राजधानी लुओयांगला एकत्र आले असता त्साओ झांग हा भाऊ तेथेच वारला. परतताना त्साओ झी आणि सावत्र भाऊ त्साओ ब्याओ यांना एका वाटेने जाण्याचीही मनाई झाली. त्या वियोगावर लिहिलेली सात भागांची दीर्घ कविता त्याच्या काव्याचा कळस मानली जाते. पाऊस, चिखल, थकलेला घोडा, मेलेला भाऊ, दूर जाणारा भाऊ अशी तिची वाट आहे. आधीच्या कवितांतील वीर येथे दिसत नाही. दिसतो तो रस्त्यावरचा एक माणूस. ज्या गोष्टीला तो क्षुल्लक म्हणाला होता तीच आता त्याच्याजवळ उरली होती, आणि तिच्यातच त्याला जे बोलायचे होते ते बोलता आले.

‘सात पावलांची कविता’ येथे आठवणे अपरिहार्य आहे. सात पावले चालण्याच्या अवधीत कविता कर, नाहीतर देहान्त, अशी आज्ञा सम्राट भावाला देतो आणि धाकटा शेंगांच्या जाळावर शिजणाऱ्या दाण्यांच्या रूपकातून त्याला लाजवतो, ही कथा सर्वज्ञात आहे. ती प्रथम पाचव्या शतकात, सुमारे ४३० मध्ये सिद्ध झालेल्या ‘शीशुओ शिन्यू’ या आख्यायिकासंग्रहात आढळते. छन शोऊच्या (२३३–२९७) अधिकृत इतिहासात तिचा मागमूस नाही, आणि कवितेच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे. पण तिची ताकद अशी की जानेवारी १९४१ मध्ये राष्ट्रवादी सैन्याने कम्युनिस्टांच्या तुकडीवर हल्ला केला, तेव्हा झोऊ एनलाय यांनी आपल्या निषेधाच्या ओळींसाठी याच रूपकाचा आधार घेतला. त्साओ पीवर या कथेने मोठा अन्याय केला, हे मात्र मान्य करावे लागते. लोकस्मृतीत तो जाळ पेटवणारा भाऊ म्हणूनच उरला. मृत मित्रांची बाडे जुळवणारा आणि ‘यान गे शिंग’मध्ये परदेशी गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या विरहिणीच्या मुखाने शरदातील रात्र बोलकी करणारा कवी त्या कथेआड गेला.

२२६ मध्ये त्साओ पी वारला. त्याचा पुत्र त्साओ रुई हाही युएफू रचणारा होता. २२८ मध्ये त्साओ झीने पुतण्याला अर्ज केला : एकदा तरी कामावर घेऊन पाहा. २३१ मध्ये पुन्हा लिहिले : निदान नात्यातल्या माणसांना एकमेकांशी संबंध ठेवू द्या. त्याच वर्षीच्या आणखी एका निवेदनात त्याने इशारा दिला की, जुनी राज्ये बळकावणारे राजांच्या रक्ताचे नव्हते, परक्या कुळांचे होते. उत्तरे आदराची आली, काम मिळाले नाही. अकरा वर्षांत तीनदा जहागीर बदललेला हा राजपुत्र २३२ मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मरण पावला. त्यानंतर चाळीस वर्षे पुरी होण्याआधीच सिमा घराण्याने वेईचे सिंहासन घेतले, आणि त्यासाठी त्साओ पीने हान सम्राटाकरिता वापरलेलाच सिंहासनत्यागाचा विधी वापरला. भावांना दुबळे ठेवून राखलेले राज्य, ते वाचवायला सबळ भाऊबंद न उरल्याने गेले, असे अनेक जुन्या भाष्यकारांचे मत आहे.

६

शब्दांच्या वारशाचे काय झाले, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर ‘राज्य नाशिवंत, काव्य अमर’ एवढे सोपे देता येत नाही. त्साओ झीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्याचे शंभरहून अधिक लेख एकत्र करून त्यांच्या प्रती जतन करण्याची आज्ञा निघाली, ती सम्राट त्साओ रुईचीच. ज्या सत्तेने कवीला काम दिले नाही तिनेच त्याचे शब्द राखले. त्याच त्साओ रुईने २३० मध्ये पित्याचा ‘द्यान लुन’ दगडावर कोरून घेतला होता. आगीत न जळणारे वस्त्र असणे शक्य नाही, असे त्या ग्रंथात ठामपणे म्हटले होते; पुढे पश्चिमेकडून तसले वस्त्र भेट म्हणून आले आणि तो मजकूर हसे होत दगडावरून पुसावा लागला, अशी एक मिश्कील कथा आहे. कालांतराने ते शिलालेखही गेले. ‘लुन वेन’ आज आपल्यापुढे आहे, कारण सहाव्या शतकात ल्यांग राजवंशातील श्याओ तोंग या राजपुत्राला आपल्या ‘वेन श्युआन’ या संकलनात ते घ्यावेसे वाटले. दगड फुटला; वाचकाने निवडून उतरवून घेतलेली प्रत राहिली.

उत्तरकालीन मूल्यमापनही निर्मळ नव्हते. सहाव्या शतकाच्या आरंभी झोंग रोंगने कवींची तीन प्रतींत वर्गवारी केली. तीत त्साओ झी पहिल्या प्रतीत, त्साओ पी दुसऱ्यात आणि पिता तिसऱ्यात आहे. राज्याच्या वंशावळीत जो क्रम, त्याच्या हा नेमका उलटा. जवळजवळ त्याच काळातील ल्यू श्ये या थोर मीमांसकाने मात्र सावध केले : सम्राटाच्या उच्च पदामुळे त्याच्या प्रतिभेतून वजावट झाली आणि राजपुत्राच्या हालांमुळे त्याच्या किमतीत भर पडली. दुःखाला गुण देण्याची ही सवय वाचकांत सर्वत्र आढळते आणि ल्यू श्येचा इशारा म्हणूनच चिनी साहित्यापुरता मर्यादित नाही. पुढच्या काळात पारडे पुन्हा हलले. रंगभूमीवर पांढऱ्या रंगाने चेहरा माखलेला खलपुरुष म्हणून वावरणारा त्साओ त्साओ आधुनिक वाचकांना तिघांत सर्वांत जिवंत कवी वाटू लागला.

या चढउतारांतून एक गोष्ट स्थिर राहते. त्साओ त्साओची सर्वांत बलवान कविता चार अक्षरांच्या प्राचीन वृत्तात आहे. कितीतरी शतके मागे पडलेल्या त्या वृत्तात त्याने पुन्हा जीव आणला. त्साओ पीची ‘यान गे शिंग’ ही सात अक्षरांच्या वृत्तातील आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण कविता मानली जाते. त्साओ झीने पाच अक्षरांच्या वृत्ताला ती प्रौढी दिली, जिच्या आधाराने पुढची कित्येक शतके चिनी कविता चालली. एकाच घरात, एकाच गीतपरंपरेवर वाढलेल्या तिघांनी आपले सर्वस्व तीन वेगवेगळ्या वृत्तांत ओतले. चाल घरातली होती, श्वास ज्याचा त्याचा. त्साओ पीचे विधान त्याच्या स्वतःच्या घराने असे सिद्ध केले.

त्या विधानाला आणखी एक दूरचा पडसाद आहे. शांतुंगमधील यूशान टेकडीवर त्साओ झीने आकाशातून आलेले सूर ऐकले आणि त्यावरून चिनी भाषेतील बौद्ध स्तोत्रपठणाची पद्धत घातली, अशी एक परंपरा सांगितली जाते. इतिहासाच्या कसोटीला ती उतरेलच असे नाही. परंतु तिच्या मागची अडचण खरी होती. भारतीय शब्द अनेक अक्षरांचे, चिनी शब्द एकाक्षरी. भारतातून आलेल्या चालीवर चिनी शब्द बसत नव्हते आणि चिनी चालीवर भारतीय शब्द. ज्या परंपरेने हा पेच सोडवण्याचे श्रेय एका कवीला दिले, तिला हे ठाऊक असावे की दुसऱ्याकडून आलेली चाल आपली व्हायची तर ती आपल्या श्वासात नव्याने घ्यावी लागते.

राज्य हस्तांतरित करता येते, म्हणून ते हिरावूनही घेता येते. काव्यशक्ती कोणाला देता येत नाही, म्हणूनच त्साओ पीला ती भावाकडून घेता आली नाही. त्याने त्याला गावोगाव फिरवले, त्याचे मित्र मारले, त्याचे सैनिक निम्मे केले. यापलीकडे त्याची आज्ञा पोहोचत नव्हती, आणि याचे कारण त्याने स्वतःच्याच हाताने आधीच लिहून ठेवले होते.